आमच्या साइटची एएमपी प्रत आता काढून टाकू का? (लांबलचक लिहिलंय, पण सल्ला हवाय)

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मेहुणा मिळून पंचवटीतल्या एका खोलीतून छोटी साइट चालवतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूरचे कांद्याचे भाव, हंगामात द्राक्षांचे, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग व गोदेची पातळी. पातळी म्हणजे अर्थातच दुतोंड्या मारुती. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो: रामकुंडाजवळ पात्रातच ही मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, यावर सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात, पण गावाला मारुती कळतो.

२०१८ साली आम्ही साइटची एएमपी प्रत, म्हणजे फोनसाठी गूगलच्या साच्यातली दुसरी प्रत, करून घेतली. तेव्हा फोनवर गूगलमध्ये काही शोधलं की सगळ्यात वर बातम्यांची सरकती पट्टी यायची आणि तिच्यात जागा हवी तर पान एएमपीचं हवं, हा नियमच होता. निकालाशेजारी छोटं विजेचं चिन्ह दिसायचं, आठवत असेल. एका एजन्सीने आम्हाला गाठलं, "वीज नाही तर वर जागा नाही" म्हणाले, आणि ते खरंच होतं. पैसे भरले, प्रत तयार झाली.

४ ऑगस्ट २०१९. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना तारीख सांगावी लागत नाही. सकाळपासून आम्ही दर अर्ध्या तासाने पातळी टाकत होतो. दुपारी भांडी बाजारातल्या एका काकांचा फोन आला. आवाज चढलेला. "तुम्ही कमरेला लिहिलंय, मी इथं डोळ्यानं बघतोय, छातीवर गेलंय पाणी!" मी माझ्या कॉम्प्युटरवर बघतो तर बरोबर छातीच लिहिलेली. मेहुण्याच्या फोनवर बघितलं, बरोबर. मग त्याच फोनवर गूगलमध्ये शोधून उघडलं, तर कंबर. दीड तासापूर्वीची.

आमच्या मूळ पानावर "शेवटचा बदल: इतक्या मिनिटांपूर्वी" अशी लाल अक्षरातली ओळ होती. ती एका लहानशा स्क्रिप्टने, म्हणजे पानातच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, लिहिली जायची. एएमपीत स्वतःची स्क्रिप्ट चालत नव्हती, म्हणून एजन्सीने टेम्प्लेट करताना ती ओळच काढून टाकली होती आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. पान जुनं आहे हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच उरला नव्हता. आम्हीही प्रत तयार झाल्यावर फक्त मुखपृष्ठ बघून पैसे दिले होते, ती चूक आमची. काकांचा माल सकाळीच हलवलेला होता म्हणून निभावलं. दुसऱ्या कोणी आमच्या भरवशावर थांबलं असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही.

तेव्हाच ओळ परत घातली, साध्या मजकुरात, घड्याळी वेळेसकट. पण दोन प्रती सांभाळायचं ओझं तेव्हापासून आजपर्यंत आहे. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, गर्दीच्या दिवसांत साइटवर ताण येणार, म्हणून सगळं नव्याने बांधायला घेतलंय. प्रश्न एवढाच: एएमपी प्रत ठेवू की काढू? काढली तर गूगलमधून येणारे वाचक तुटतील का? ज्यांनी काढली आहे त्यांचा अनुभव कळवा.

---

वाचनमात्र_नाही | मंगळवार, रात्री १०:०५

वाचतेय. पण एएमपी म्हणजे नेमकं काय ते कुणी विस्कटून सांगेल का? मी शिक्षिका आहे, संगणकाचं ज्ञान बेताचं.

---

सातपूरकर | मंगळवार, रात्री ११:१०

ताई, सांगतो. मी हेच काम करतो, पंधरा वर्षं झाली.

वेबपान एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात. ती भाषा कुणा एका कंपनीची नाही. डब्ल्यूथ्रीसी ही संस्था टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये काढली, आणि २००४ पासून ब्राउझर बनवणाऱ्यांचा एक गट आहे. तिथे चर्चा होऊन भाषेचे नियम ठरतात. कुणीही पान लिहावं, कुठल्याही ब्राउझरने दाखवावं.

गूगलने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी एएमपी जाहीर केलं. त्याच वर्षी फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स आणि ॲपलने न्यूज ॲप आणलं होतं, म्हणजे बातम्या वेबवरून उठून ॲपच्या कुंपणात चालल्या होत्या, आणि वेब रिकामी झाली तर सर्च कशात करायचं ही गूगलची अडचण होती. एएमपी म्हणजे एचटीएमएलचीच आवळलेली बोली. चित्रासाठी नेहमीचा टॅग चालत नाही, त्यांचाच 'एएमपी-आयएमजी' लिहायचा. सजावटीचा मजकूर, म्हणजे सीएसएस, सगळा मिळून आधी ५० हजार आणि पुढे ७५ हजार बाइटच्या आत. स्वतःची स्क्रिप्ट सुरुवातीची काही वर्षं बंदच होती. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एएमपी प्रकल्पाच्याच सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट जोडायची, हे सक्तीचं.

वाचणाऱ्याने निकालावर बोट ठेवलं की पान लेखकाच्या सर्व्हरवरून येत नाही, गूगलने साठवलेली प्रत उघडते. ही साठवण म्हणजे कॅश. तिची मुदत संपल्यावर जो पहिला माणूस येतो त्याला जुनीच प्रत दाखवतात आणि मागून नवी आणतात. नवी मिळते त्याच्यानंतरच्याला. रोजच्या लेखाला याने काही बिघडत नाही. गोदाकाठ, तुझ्यासारखं दर अर्ध्या तासाला बदलणारं पान असेल तर मात्र कॅशला "बदललंय, नवीन घे" असा निरोप पाठवायची वेगळी सोय होती, ती जोडून घ्यावी लागायची. तुझ्या एजन्सीने ती जोडली नसणार.

आणि वर पत्त्याच्या पट्टीत काय दिसायचं? लेखकाचं डोमेन नाही. गूगल डॉट कॉम, स्लॅश एएमपी, आणि मग पुढे कुठेतरी शेपटाला खरा पत्ता.

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, सकाळी ६:२०

गोदाकाठ भाऊ, तुमची साइट मी रोज बघतो. पण खरं सांगतो, तिचं नाव मला आज कळलं. आम्ही म्हणतो "गूगलवर भाव आलाय". चार-पाच वर्षं मी तुमचेच आकडे आमच्या ग्रुपवर टाकतोय आणि गूगलने दिले म्हणून टाकतोय. माफ करा.

एक सांगा, ते पान उघडायचं मात्र झटक्यात. यार्डात सकाळी ट्रॅक्टरची रांग लागली की नेटला जीव नसतो. तिथं दुसऱ्या साइटी नुसत्या गोल फिरत राहतात. ते झटक्यात उघडणं जाणार असेल तर काढू नका.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८:०२

दादा, माफी कसली. तुम्ही रोज बघता हे कळलं यातच आलं. पण तुमच्या या एका वाक्याने मला रात्रभर शोधून सापडलं नसतं ते सापडलं. आम्ही सहा वाजता उठून बाजार समितीत फोन लावतो, उन्हाळ कांदा वेगळा, लाल वेगळा, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण असे तीन-तीन आकडे पडताळतो. आणि ज्याच्यासाठी करतो त्याला आमचा पत्ता माहीत नाही. उद्या गूगलवर आम्ही दिसेनासे झालो तर तुम्ही आम्हाला शोधणार कुठे?

वेगाचं म्हणणं मान्य. त्यावर तोडगा निघाल्याशिवाय काढणार नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०:३०

मी एका मोठ्या मराठी दैनिकाच्या डिजिटल विभागात होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

२०१५-१६ मधली आपल्या साइटींची पानं आठवा. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. त्याआधी लोक टूजीवर, महागडा डेटा मोजूनमापून वापरत. आणि आम्ही काय देत होतो? चारशे शब्दांच्या बातमीसोबत पाच-सहा एमबीच्या जाहिराती, आपोआप वाजणारा व्हिडिओ, मजकूर वाचता वाचता खाली ढकलणारे बॅनर. संपादकीय विभाग ओरडायचा, जाहिरात विभाग ऐकायचा नाही. आमच्याच घरात पान हलकं करायची ताकद कुणात नव्हती. एएमपी आलं आणि पहिल्यांदा कुणीतरी बाहेरून सांगितलं, यापुढे नाही. वाचकाचं त्यात भलं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, ते झटक्यात उघडायचं त्यामागे कारण आहे. वाचक निकालांची यादी बघत असतानाच पान मागे तयार करून ठेवतात. हे लेखकाच्या सर्व्हरवरून केलं असतं तर वाचकाने न उघडताच त्या साइटला कळलं असतं की अमक्याने हे शोधलं. उदाहरणार्थ एखाद्या आजाराबद्दल. म्हणून प्रत गूगलकडे ठेवायची. ही खासगीपणाची बाजू खरी आहे, ती बाजूला सारू नका.

---

सातपूरकर | बुधवार, दुपारी १:१५

रात्रपाळी, पानं जड होती हे शंभर टक्के खरं आणि ते पाप आमच्या धंद्याचंच. मीही तसली पानं बांधली आहेत.

पण हलकं पान करायला एएमपी लागत नाही. साध्या एचटीएमएलमध्ये तेवढंच हलकं, किंबहुना त्याहून हलकं पान होतं. तसं पान मी २०१७ मध्ये एका ग्राहकाला करून दिलं होतं, त्यांच्या एएमपी प्रतीपेक्षा कमी वजनाचं. पण त्या पट्टीत जागा वेगवान पानांना नव्हती, एएमपी पानांना होती. वेग ही कसोटी असती तर माझी तक्रार नव्हती. कसोटी होती कुणाच्या साच्यात ओतलंय ही.

जानेवारी २०१८ मध्ये जगभरातल्या बऱ्याच वेब-कारागिरांनी सह्या करून गूगलला जाहीर पत्र लिहिलं. मागण्या दोनच. एक, वरची जागा तटस्थ मोजमापाने वेगवान ठरणाऱ्या कुठल्याही पानाला द्या. दोन, दुसऱ्याचा मजकूर गूगलच्या पत्त्याखाली दाखवू नका, आणि दाखवलात तर वाचकाला ते स्पष्ट कळू द्या. यात काय जास्तीचं मागितलं होतं?

खासगीपणाचा मुद्दा घेतो. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा की मागच्या मागे पान तयार ठेवण्याची सोय फक्त ज्याचं सर्च त्यालाच करता येते, आणि ती त्याने फक्त स्वतःच्या साच्याला दिली. पत्त्याचा घोळ निस्तरायला त्यांनी पुढे 'साइन्ड एक्स्चेंज' काढलं: पान गूगलच्या साठवणीतून येणार, पण सहीच्या जोरावर पत्त्याच्या पट्टीत लेखकाचं डोमेन दिसणार. २०१९ पासून ते क्रोममध्ये चाललं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्यावर आपला अधिकृत शेरा "घातक" असा दिला. कारण पत्त्याच्या पट्टीत जे नाव दिसतं त्याच सर्व्हरशी आपण बोलतोय, हा वेबचा पायाच त्याने हलतो.

आणखी एक आतली गोष्ट. एएमपी पानाच्या डोक्यावर दोन ओळी जशाच्या तशा चिकटवाव्या लागतात, एक अक्षर बदलायचं नाही. त्यात लिहिलेलं असतं की गूगलकडून येणारी ती स्क्रिप्ट पोचेपर्यंत पानाचा मजकूर लपवून ठेव. स्क्रिप्ट आलीच नाही, तर जास्तीत जास्त आठ सेकंद. म्हणजे मजकूर फोनवर येऊन पडलेला आहे, आणि तरी आठ सेकंद कोरं पान. निफाडकर दादा, यार्डात कधी कोरं पान दिसून मग एकदम सगळं उमटलंय का?

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, दुपारी १:५०

हो! पुष्कळदा. मला वाटायचं फोनच गेला.

---

अक्षरजुळणी | बुधवार, दुपारी ४:३०

मी निवृत्त आहे. शालिमारजवळच्या एका छापखान्यात बावीस वर्षं डीटीपी केलं. हा धागा वाचून एक जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहिते.

दोन हजार सालाच्या आसपास मराठी दैनिकं इंटरनेटवर आली तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. एकाच्या फॉन्टात जिथे 'क' तिथे दुसऱ्याच्यात 'म'. आधी फॉन्ट उतरवून घ्या मग वाचा, नाहीतर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. काहींनी फॉन्ट आपोआप यायची सोय केली, तर ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. खाली ओळच असायची, "एक्सप्लोररमध्ये पाहावे". दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला मराठी वाचायचा हक्क नाही असंच ते होतं. तो मजकूर कुठे शोधता यायचा नाही, एका ठिकाणचा उचलून दुसरीकडे डकवता यायचा नाही. त्या काळात किती लेख, किती मृत्युलेख, किती स्थानिक बातम्या लिहिल्या गेल्या! आज त्या साइटी बंद आहेत, आणि ज्यांचा मजकूर कुणाच्या डिस्कवर उरलाय तोही वाचता येत नाही. माझ्याकडे स्वतः जुळवलेल्या एका दिवाळी अंकाची फाइल आहे, उघडत नाही.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच सामाईक संकेत, आल्यावर पहिल्यांदा मी 'नाशिक' लिहिलं आणि ते माझ्या भाचीच्या अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर 'नाशिक' असंच दिसलं, तेव्हा मला रडू आलं होतं. मला तंत्र फार कळत नाही. पण अक्षर कुणा एकाच्या मालकीचं असणं म्हणजे काय ते मी हाताने अनुभवलंय. पानाचंही तेच होऊ नये असं वाटतं.

जाता जाता, गोदाकाठ: नवं पान बांधताना भाषेच्या जागी 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहायला विसरू नका. फॉन्टात सोय असेल तर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. तुमच्या साइटवर सध्या हिंदी वळणाचा 'ल' आहे. लासलगावात तो दोनदा येतो.

---

गोदाकाठ | बुधवार, सायंकाळी ५:१५

ताई, आत्ता बघितलं. खरंच हिंदी 'ल' आहे. सहा-सात वर्षं रोज बघतोय आणि दिसला नव्हता. दुरुस्त करतो. मनापासून आभार.

---

ऑपेरावाला | बुधवार, रात्री ८:४०

सीबीएसजवळ कॉट बेसिसवर राहायचो तेव्हाची गोष्ट. नोकियाचा बटणांचा फोन आणि ऑपेरा मिनी. त्यात मराठी म्हणजे नुसते चौकोन दिसायचे. मग कुणीतरी युक्ती सांगितली: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' टाका, अगदी तळाला जा, अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट 'येस' करा, सेव्ह करा. झालं! अक्षरं चित्र होऊन यायची. अख्ख्या खोलीतल्या सहा जणांच्या फोनवर मी ते करून दिलं होतं.

हे सांगायचं कारण असं की ऑपेरा मिनीसुद्धा पान आधी त्यांच्या सर्व्हरवर आवळायचं आणि मग पाठवायचं. गूगलचीही 'वेब लाइट' म्हणून अशीच सोय होती, मंद नेटवाल्यांना आवळलेलं पान दाखवायची, २०२२ च्या डिसेंबरात बंद झाली. पण या दोन्हींत साइटवाल्याला काही नव्याने बांधावं लागत नव्हतं. ऑपेरा तर मी निवडलं होतं, माझ्या फोनवर, मला परवडत नव्हतं म्हणून. एएमपीत वाचकाने काही निवडलं नाही आणि लेखकाने निवडलं म्हणावं तर दुसरी वाट नव्हती.

---

तारीख_पे_तारीख | गुरुवार, सकाळी ११:००

पेशाने वकील आहे, स्पर्धा कायदा हा आवडीचा विषय. कायद्याच्या अंगाने थोडं.

अमेरिकेत टेक्सास आणि इतर राज्यांनी डिसेंबर २०२० मध्ये गूगलच्या जाहिरात व्यवसायावर दावा लावला. त्यातला झाकलेला भाग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघड झाला. त्यात आरोप आहे की प्रकाशकांना एकाच वेळी अनेक जाहिरात बाजारांकडून बोली मागवण्याची जी पद्धत सुरू झाली होती, तिला अडवणं हा एएमपीचा एक हेतू होता. शिवाय एएमपी नसलेल्या पानांवरच्या जाहिराती मुद्दाम एक सेकंद उशिरा येऊ दिल्या, म्हणजे तुलनेत एएमपी वेगवान भासावं. गूगलने हे नाकारलं आहे. हा आरोप आहे, निकाल नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आपल्याकडे डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मुख्य तक्रार जाहिरात उत्पन्नाच्या वाटणीची, पण एएमपीच्या साच्यात साइटची दुसरी प्रत बांधावी लागते हाही मुद्दा तिच्यात होता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला, फोनमध्ये आधीच भरून येणाऱ्या ॲपांवरून, त्यात सर्च आणि क्रोम आले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलला सर्चमधला बेकायदा मक्तेदार ठरवलं. सरकारने क्रोम विकायला लावा अशी मागणी केली होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी फेटाळली.

म्हणजे सर्च, ब्राउझर आणि फोनची यंत्रणा, तिन्ही एकाच घरात अजून आहेत. मला यातलं तिसरं सगळ्यात जड वाटतं, पण तो वेगळा धागा होईल.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:२५

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. पण एक नोंद राहून जायला नको: टीका झाल्यावर बदल झाले. २०१८ मध्ये एएमपीचा कारभार एका समितीकडे दिला, २०१९ मध्ये प्रकल्प ओपनजेएस फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला. आणि मे २०२० मध्ये जाहीर करून २०२१ च्या जूनपासून वरच्या पट्टीसाठी एएमपीची अट काढलीच. विजेचं चिन्हही गेलं. आता 'कोअर वेब व्हायटल्स' मोजतात, पान कसंही बांधा. पत्रातली पहिली मागणी हीच होती ना, सातपूरकर?

---

सातपूरकर | गुरुवार, दुपारी ३:००

हीच होती, आणि ती मान्य झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रानंतर साडेतीन वर्षं लागली, एवढंच.

पण कोअर वेब व्हायटल्स काय आहेत तेही बघू. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पान हललं पाहिजे. वाचताना मजकूर जागेवरून उड्या मारू नये. तिन्ही गोष्टी वाचकाच्या हिताच्या आहेत, मी ग्राहकांना आवर्जून सांगतो. पण निकष ठरवले गूगलने. आकडे येतात क्रोम वापरणाऱ्यांकडून, तेही अँड्रॉइड आणि डेस्कटॉपवरचे. आयफोनवाल्याचा अनुभव त्यात धरत नाहीत, त्याने क्रोम वापरलं तरी. बोटाच्या प्रतिसादाचं मोजमाप मार्च २०२४ मध्ये बदललं, आदल्या दिवशी उत्तीर्ण असलेली पानं दुसऱ्या दिवशी नापास. बदल चांगला होता. पण ठरवलं कुणी? आधी साचा त्यांचा होता, आता फूटपट्टी त्यांची आहे. फूटपट्टी बरी, हे मान्य करतो, कारण पान आणि पत्ता आपल्याकडे राहतो.

ब्राउझरच्या इंजिनाचंही, म्हणजे पान पडद्यावर उमटवणाऱ्या आतल्या भागाचंही, बघा. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटमधून फुटून ब्लिंक केलं. ऑपेरा त्याच वर्षी तिकडे गेलं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन सोडायचं जाहीर केलं. आज ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको एवढेच दोन मोठे वेगळे उरलेत. क्रोममध्ये एखादी सोय आली की महिन्याभरात ग्राहक मागतो, "बाकीच्यांवर चालत नाही" म्हटलं तर म्हणतो, बाकीचे वापरतं कोण? अक्षरजुळणी ताईंची ती "एक्सप्लोररमध्ये पाहावे" ओळ अशीच आली होती. मी माझ्यापुरतं एक ठरवलंय, प्रत्येक काम फायरफॉक्समध्ये तपासल्याशिवाय ग्राहकाच्या हाती देत नाही.

आता गोदाकाठ, तुझा मूळ प्रश्न. काढ. निर्धास्त काढ, पण क्रमाने.

आधी मूळ पान एएमपीइतकं हलकं कर, ते झाल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नकोस. मग मूळ पानांच्या डोक्यात एएमपी प्रतीकडे बोट दाखवणारी जी दुव्याची ओळ आहे ती काढ. आणि एएमपीचे सगळे जुने पत्ते मूळ पत्त्यांवर कायमचे वळव, ३०१ म्हणतात ते. नुसती प्रत उडवू नकोस. निफाडकर दादांच्या ग्रुपवर चार-पाच वर्षांच्या लिंका पडल्या असतील, त्या तुटतील. साठवणीतल्या जुन्या प्रती काही दिवसांत आपोआप जातात. पूर नसलेल्या दिवसांत कर हे सगळं.

---

वाचनमात्र_नाही | गुरुवार, सायंकाळी ६:४५

सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण पत्त्याचं पक्कं समजलं. मी दहावीच्या मुलांना 'माहितीचा स्रोत लिहा' म्हणते तेव्हा निम्मी मुलं 'गूगल' लिहितात. उद्या वर्गात हेच उदाहरण घेते, पत्त्याच्या पट्टीत काय आहे ते वाचायला लावते.

---

गोदाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

मंडळी, केलं.

चार रात्री लागल्या. फॉन्ट उतरवणं बंद केलं, फोनमधलाच देवनागरी वापरला, भाषेच्या जागी 'एमआर' आहे. (ताई, माझ्या फोनवर 'ल' सुधारला, मेहुण्याच्या जुन्या फोनवर नाही. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.) भावाचं पान चित्राशिवाय, सगळं मिळून ३४ केबी. त्यातलं निम्मं वजन भावाच्या तक्त्याचंच आहे, देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, तिथं काटकसर करता येत नाही. जाहिराती दोनच ठेवल्या, त्याही मजकूर दिसल्यानंतर येतात. उत्पन्न थोडं घटेल, मेहुण्याशी बोलून घेतलंय.

"शेवटचा बदल" ची ओळ आता सर्व्हरच लिहितो. सगळ्यात वर, लाल, तारीख आणि घड्याळी वेळ. स्क्रिप्ट चालो न चालो, ती दिसणारच.

एएमपीच्या पत्त्यांवर ३०१ लावलं. काल सकाळी लासलगावला जाऊन यार्डात लिलाव चालू असताना माझ्या आणि एका हमालदादांच्या फोनवर उघडून बघितलं. माझ्याकडे लगेच उघडलं. त्यांच्याकडे पहिल्यांदा सात-आठ सेकंद लागले, दुसऱ्यांदा दोन. अजून काम आहे.

परतताना भांडी बाजारात त्या काकांकडे गेलो. २०१९ नंतर पहिल्यांदाच समोरासमोर भेटलो. गूगल न करता थेट पत्ता टाकून कसं उघडायचं ते त्यांच्या फोनवर दाखवलं. त्यांनी तो गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर पेनाने लिहून घेतला, खाली मेहुण्याचा नंबरही.

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, सकाळी ६:०५

उघडलं भाऊ. रानातून उघडलं, एका काडीच्या नेटवर. आता ग्रुपवर तुमच्या नावानेच टाकतोय.

एक विनंती. पिंपळगावचे सकाळच्या लिलावाचे भाव तुम्ही साडेअकराला टाकता. आमच्या गाड्या अकराला निघतात. अकराच्या आत जमेल का?

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ६:३०

दादा, पहिल्या पन्नास गाड्यांचे भाव पावणेअकराला टाकतो, बाकीचे नंतर. आजपासूनच.